कर्नल सी. के. नायडू : मैदान न सोडणारा कर्णधार

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्याकडे क्रिकेटचे वेड नाही असे गाव शोधून सापडायचे नाही. खळ्यावर, ओढ्याच्या वाळूत, देवळामागच्या पटांगणात, जिथे चार पोरे जमतात तिथे दगडांच्या यष्ट्या उभ्या राहतात. आजच्या खेळाडूंची नावे, त्यांच्या धावा, त्यांना मिळणारे पैसे आपल्याला तोंडपाठ असतात. परंतु भारताचा पहिला कसोटी कर्णधार कोण, असे विचारले तर आपल्यापैकी पुष्कळजण गप्प बसतील. ज्यांना नाव ठाऊक असेल त्यांनाही ते एका करंडकाचे किंवा एका पुरस्काराचे नाव म्हणूनच ठाऊक असेल. त्या नावामागे एक माणूस होता. त्याला कर्णधारपद कसे मिळाले, ते कसे गेले आणि गेल्यावर त्याने काय केले, हा इतिहास वाचला तेव्हा तो केवळ खेळाचा इतिहास नाही असे मला वाटले. लायकी आणि मान या दोन गोष्टी नेहमी एकाच माणसाच्या वाट्याला येत नाहीत, हे त्यातून दिसते. म्हणून हा लेखनप्रपंच.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूरला झाला. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होती. घराणे मूळचे तेलुगू, परंतु नागपुरात रुजलेले. आजोबा तिथले नामांकित वकील. वडील विलायतेला जाऊन केंब्रिजला शिकलेले. पुढे ज्यांच्या नावाचा करंडक सुरू झाला ते रणजितसिंह त्यांच्याच काळात केंब्रिजला होते. हलाखीतून वर आलेल्या थोरांच्या कथा आपल्याला आवडतात. ही कथा तशी नाही आणि ती ओढूनताणून तशी करण्यात अर्थ नाही. नायडूंच्या घरी पैसा होता, विद्या होती. परंतु ज्या काळात संघाचे नेतृत्व करायला राजघराण्यात जन्म घ्यावा लागे, त्या काळात ते राजपुत्र नव्हते, ही गोष्ट मात्र लक्षात ठेवली पाहिजे.

त्यांचे शिक्षण नागपूरच्या हिस्लॉप संस्थेत झाले. शाळकरी वयातच त्यांच्या खेळाचा बोलबाला झाला. मोठ्या मैदानावर ते उतरले १९१६ साली, मुंबईच्या चौरंगी सामन्यांत. हे सामने म्हणजे त्या काळची सर्वांत मोठी स्पर्धा. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे धर्मावरून पाडलेले चार संघ त्यात खेळत. आज आपल्याला ही विभागणी खटकते आणि त्या काळीही ती अनेकांना खटकली. परंतु खेळाडूला नाव मिळवायचे तर दुसरा मार्ग नव्हता. युरोपियनांविरुद्धच्या त्या सामन्यात हिंदू संघाचे सात गडी ऐंशीच्या आतच बाद झाले होते. अशा वेळी विशीतला हा उंच, सडपातळ तरुण फलंदाजीला आला. पहिले तीन चेंडू त्याने शांतपणे अडवले आणि चौथा सरळ सीमेपार भिरकावला, असे सांगतात. पुढच्या जवळजवळ पन्नास वर्षांची जणू ती नांदीच होती.

हिंदू संघात खेळताना नायडूंना जो कर्णधार लाभला त्याची हकीगत इथे सांगितलीच पाहिजे. ते होते पळवणकर विठ्ठल, चर्मकार समाजातले. त्यांचे थोरले बंधू पळवणकर बाळू हे त्या काळचे देशातले सर्वश्रेष्ठ गोलंदाज. तरीही केवळ जातीमुळे बाळूंना संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. विठ्ठल संघातले उत्तम फलंदाज असूनही त्यांनाही ते आधी नाकारले गेले. १९२० साली यावरून मोठा वाद झाला, विठ्ठल आणि त्यांचे बंधू शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले, वर्तमानपत्रांत चर्चा झडली. अखेर १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघाने ती स्पर्धा जिंकली. नायडू या विठ्ठलांच्या हाताखाली खेळले. जन्मावरून नेतृत्व ठरवणे किती चुकीचे आहे, याचे उदाहरण त्यांच्या डोळ्यांसमोर होते. पुढे त्यांच्याच वाट्याला, वेगळ्या रूपात का होईना, तोच प्रश्न येणार होता.

त्याच १९२३ साली इंदूरच्या होळकर महाराजांनी नायडूंना बोलावून घेतले आणि आपल्या सैन्यात कॅप्टनचा हुद्दा दिला. पुढे ते कर्नल झाले. नागपूरचा हा खेळाडू मग कायमचा इंदूरकर झाला. संस्थानिकांचा आश्रय ही त्या वेळी खेळाडूंची मोठी गरज होती. खेळावर पोट भरण्याची दुसरी सोय नव्हती. संस्थानिकांनी खेळाला पैसा दिला हे खरे, आणि त्या पैशाच्या जोरावर खेळाडूंच्या डोक्यावर बसण्याचा हक्क काहींनी आपल्याकडे घेतला हेही तितकेच खरे.

ज्या एका डावाने नायडूंचे नाव घराघरांत पोहोचले तो डाव १ डिसेंबर १९२६ रोजी मुंबईत खेळला गेला. आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एम. सी. सी.चा संघ भारतात आला होता. बाँबे जिमखान्याच्या मैदानावर त्याची गाठ हिंदू संघाशी पडली. पाहुण्यांनी ३६३ धावा केल्या. त्यात गाय अर्ल याने आठ षटकार मारून लोकांना थक्क केले. दुसऱ्या दिवशी नायडू खेळायला आले आणि त्यांनी दोन तासांच्या आत १५३ धावा झोडपल्या. त्यांत अकरा षटकार होते. एका डावात इतके षटकार तोपर्यंत जगात कोणी मारले नव्हते. बातमी शहरभर पसरली तसे लोक कामधंदा टाकून मैदानाकडे धावले, आजूबाजूची झाडे आणि छपरे माणसांनी भरून गेली, असे वर्णन केले जाते. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, ज्या जिमखान्याचे हे मैदान होते त्याचे सभासद होण्याची भारतीय माणसाला तेव्हा मुभा नव्हती. त्याच मैदानावर एक भारतीय फलंदाज गोऱ्या गोलंदाजांना षटकारामागून षटकार मारत होता. लोकांना झालेला आनंद केवळ खेळाचा नव्हता, हे वेगळे सांगायला नको. एम. सी. सी.नेही दिलदारी दाखवून नायडूंना चांदीची बॅट भेट दिली. भारतीय खेळाडू कसोटी दर्जाचे आहेत हे त्या दौऱ्याने पटले. १९२८ साली क्रिकेट नियामक मंडळाची स्थापना झाली आणि कसोटीचा मार्ग मोकळा झाला.

१९३२ साली भारताचा संघ पहिला कसोटी सामना खेळण्यासाठी इंग्लंडला निघाला. त्या वेळी नायडू छत्तीस वर्षांचे होते. देशातला सर्वांत मोठा खेळाडू कोण याबद्दल दुमत नव्हते. परंतु कर्णधार म्हणून नेमणूक झाली पोरबंदरच्या महाराजांची आणि उपकर्णधार म्हणून लिमडीच्या राजघराण्यातल्या घनश्यामसिंहजींची. संघात हिंदू, मुसलमान, शीख, पारशी असे सर्व होते. त्या सर्वांवर संस्थानिकच हुकमत चालवू शकेल, सामान्य माणसाचे ते ऐकणार नाहीत, अशी तेव्हाची समजूत होती. पोरबंदरचे महाराज खेळाडू म्हणून यथातथाच. त्यांच्या धावांपेक्षा त्यांच्याकडच्या मोटारी जास्त, अशी थट्टा त्या दौऱ्यात रूढ झाली. परंतु या गृहस्थांचे एक मात्र कबूल केले पाहिजे. आपली मर्यादा त्यांनी ओळखली. लॉर्ड्सवरच्या कसोटीतून ते स्वतः बाजूला झाले, उपकर्णधारही दुखापतीमुळे खेळणार नव्हते, आणि नेतृत्व नायडूंकडे आले. संघातल्या काही खेळाडूंना हे रुचले नाही. नायडूंच्या हाताखाली खेळण्यास त्यांची कुरकुर होती. पण महाराज आपल्या निर्णयावर ठाम राहिले. हाती सत्ता असताना लायक माणसासाठी जागा मोकळी करणारे थोडेच असतात, म्हणून या गोष्टीची नोंद करावीशी वाटते.

२५ जून १९३२ रोजी तो सामना सुरू झाला. पहिल्या अर्ध्या तासातच इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली. महंमद निसार याने सटक्लिफ आणि होम्स या विख्यात सलामीच्या जोडीचे त्रिफळे उडवले आणि लालसिंगने वूलीला धावचीत केले. पुढे कर्णधार जार्डिन याने ७९ धावा काढून डाव सावरला व इंग्लंडने २५९ धावांपर्यंत मजल मारली. भारतातर्फे पहिला चेंडू खेळण्याचा मान जनार्दन नवले या मराठी यष्टिरक्षकाला मिळाला. क्षेत्ररक्षण करताना नायडूंच्या हाताला जबर दुखापत झाली होती. तशा हाताने ते खेळले आणि त्यांनी केलेल्या ४० धावा भारताच्या डावातल्या सर्वाधिक ठरल्या. भारत १८९ धावांत बाद झाला. दुसऱ्या डावात अमरसिंगने अर्धशतक केले तरी पराभव टळला नाही. १५८ धावांनी आपण हरलो. परंतु तीन दिवसांच्या त्या सामन्यात नवख्या संघाने इंग्लंडला काही काळ तरी घाम फोडला होता.

त्या दौऱ्यातले प्रथम श्रेणीचे सव्वीसही सामने नायडू खेळले. एकाही सामन्यात विश्रांती घेतली नाही. १,६१८ धावा, त्यांत पाच शतके, आणि शिवाय ६५ बळी, अशी त्यांची कामगिरी होती. बर्मिंगहॅमला वॉरिकशायरविरुद्ध १६२ धावा करताना त्यांनी मारलेला एक चेंडू मैदानाशेजारच्या री नदीपलीकडे गेला. ती नदी दोन परगण्यांमधली हद्द होती. तेव्हा एका परगण्यात मारलेला षटकार दुसऱ्या परगण्यात पडला, असे तिथले लोक मोठ्या कौतुकाने सांगत. क्रिकेटची पोथी मानल्या जाणाऱ्या विस्डेनने १९३३ सालच्या पाच उत्कृष्ट खेळाडूंत त्यांची निवड केली. भारतीय संघाच्या खेळाडूला मिळालेला तो पहिलाच मान होता.

१९३३-३४ साली जार्डिनचा संघ भारतात आला. या तिन्ही कसोटींत नायडूच कर्णधार होते. भारतभूमीवरचा पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये त्याच बाँबे जिमखान्यावर झाला. दुसऱ्या डावात लाला अमरनाथ यांनी ११८ धावांची तडाखेबंद खेळी करून भारतातर्फे पहिले कसोटी शतक झळकावले. त्यांच्या सोबतीला होते नायडू. दोघांनी मिळून १८६ धावा जोडल्या, त्यात नायडूंच्या ६७. सामना मात्र आपण गमावला. कलकत्त्याचा अनिर्णित राहिला आणि मद्रासला पुन्हा हार पत्करावी लागली. म्हणजे कर्णधार म्हणून नायडूंच्या खात्यात चार कसोटी सामने. तीन पराभव, एक अनिर्णित, विजय एकही नाही. आकड्यांकडेच पाहणारा माणूस याला अपयश म्हणेल.

यानंतरचा अध्याय वाचताना मन खिन्न होते. १९३६ साली संघ पुन्हा इंग्लंडला जाणार होता. या खेपेस कर्णधार झाले विजयानगरमचे महाराजकुमार, ज्यांना सगळे विझी म्हणत. त्यांच्यापाशी पैसा होता, वशिला होता, क्रिकेटची हौसही होती. नव्हता तो खेळ. पोरबंदरच्या महाराजांप्रमाणे बाजूला होण्याचा मोठेपणा त्यांनी दाखवला नाही. तिन्ही कसोटी सामने ते खेळले आणि सहा डावांत त्यांनी सगळ्या मिळून ३३ धावा केल्या. संघात दोन तट पडले. नायडूंना मानणाऱ्यांना कर्णधाराची इतराजी सहन करावी लागली. अमरनाथांसारख्या खेळाडूला दौऱ्याच्या मध्यावरून घरी पाठवण्यात आले. एका खेळाडूने न्याहारीच्या टेबलावर सर्वांदेखत नायडूंचा पाणउतारा केला आणि त्याबद्दल त्याला कसोटीत जागा मिळाली, अशीही गोष्ट सांगितली जाते.

अशा वातावरणात ओव्हलची शेवटची कसोटी आली. नायडू चाळीस वर्षांचे झाले होते. दुसऱ्या डावात गबी ॲलनचा एक वेगवान चेंडू त्यांच्या छातीवर, काळजाच्या जरा खाली बसला. ते कळवळले, परंतु तंबूत परतले नाहीत. तसेच खेळत राहून त्यांनी ८१ धावा केल्या. त्यांच्या कसोटी कारकिर्दीतली ही सर्वोच्च धावसंख्या आणि हाच त्यांचा शेवटचा कसोटी सामना. भारत हरला. ज्या संघाचे नेतृत्व त्यांच्याकडून काढून घेतले होते, त्याच संघासाठी त्यांनी छातीवर चेंडू झेलला. मला वाटते, नायडूंचे सारे चरित्र या एका डावात सामावले आहे.

थोर माणसांबद्दल लिहिताना त्यांना देव करून ठेवण्याची आपल्याला सवय आहे. नायडूंना दोषही होते. त्यांची शिस्त लष्करी होती. गोड बोलून कोणाला जिंकणे त्यांना जमत नसे. चूक दिसली की ते फटकारत, आणि समोरचा दुखावला जाईल याची फिकीर करत नसत. पहिल्या दौऱ्यात खेळाडूंनी कुरकुर केली तिला हेही एक कारण होते. परंतु जी शिस्त ते दुसऱ्याला लावत तीच स्वतःलाही लावत. म्हणून ज्यांनी त्यांच्या हाताखाली पुष्कळ वर्षे काढली त्यांची भक्ती कधी कमी झाली नाही. इंदूरच्या मुश्ताक अली यांच्यातले गुण त्यांनी मुलगा लहान असतानाच हेरले. याच मुश्ताक अलींनी १९३६ साली मँचेस्टरला ११२ धावा केल्या आणि परदेशात कसोटी शतक करणारे ते पहिले भारतीय ठरले.

कसोटीचे दार बंद झाले तेव्हा नायडूंनी तक्रार करत बसण्याऐवजी इंदूरला संघ उभा केला. होळकरांचा हा संघ म्हणजे रणजी करंडकाच्या इतिहासातले सोन्याचे पान आहे. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर संघाने दहा वेळा अंतिम फेरी गाठली आणि चार वेळा करंडक जिंकला. मुश्ताक अली, धाकटे बंधू सी. एस. नायडू, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, जगदाळे, हिरालाल गायकवाड अशी एकाहून एक माणसे या संघात होती. त्यांतली कितीतरी नावे मराठी आहेत, हे आपल्याला अभिमानाचे वाटावे. १९४५-४६ च्या हंगामात म्हैसूरविरुद्ध होळकर संघाने ८ बाद ९१२ धावा केल्या. एकाच डावात सहा जणांनी शतके काढली. त्या सहांपैकी एक होते पन्नाशी उलटलेले कर्णधार नायडू. त्याच हंगामाच्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी २०० धावा केल्या. ज्या वयात माणूस निवृत्तीचे हिशेब मांडू लागतो त्या वयातले हे द्विशतक!

१९५१-५२ च्या अंतिम सामन्यातली हकीगत तर दंतकथाच होऊन बसली आहे. समोर मुंबईचा बलाढ्य संघ, गोलंदाज दत्तू फडकर. त्याचा उसळलेला चेंडू छप्पन्न वर्षांच्या नायडूंच्या तोंडावर आदळला. दोन दात पडले, रक्त वाहू लागले. त्यांनी दात बॅटने खेळपट्टीवरून बाजूला सारले, धावून आलेल्यांना परत पाठवले आणि गोलंदाजाने वेग कमी करू नये असे सांगून पुन्हा पवित्रा घेतला, असे सांगतात. सांगण्यात थोडे मीठमसाला पडला असेल. पण गोष्ट ज्या माणसाबद्दल सांगितली जाते त्याच्या स्वभावाला ती शोभून दिसते एवढे खरे.

१९५६-५७ साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ते उत्तर प्रदेशच्या संघातर्फे रणजी करंडकात खेळले. १९५६ सालीच सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. त्यानंतर १९६३-६४ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, महाराष्ट्राचे राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्या नावाने उतरलेल्या संघांच्या एका सामन्यात ते अखेरचे मैदानात उतरले. १९१६ ते १९६३! प्रथम श्रेणीचे २०७ सामने, ११,८२५ धावा, २६ शतके आणि ४११ बळी. यात कसोटी सामने फक्त सात आणि धावा ३५०. कारण उघड आहे. त्यांच्या ऐन उमेदीच्या काळात भारताला कसोटी सामनेच नव्हते, आणि ते मिळाले तेव्हा त्यांची तिशी संपत आली होती.

१४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरला त्यांचे निधन झाले. आज तरुण खेळाडूंच्या राष्ट्रीय स्पर्धेला त्यांचे नाव आहे. क्रिकेटच्या आजन्म सेवेसाठी नियामक मंडळाने १९९४ साली सुरू केलेला पुरस्कारही त्यांच्याच नावाचा, आणि तो प्रथम मिळाला लाला अमरनाथांना. नायडूंच्या कन्या चंद्रा नायडू इंदूरला इंग्रजीच्या प्राध्यापिका होत्या. भारतातल्या पहिल्या महिला क्रिकेट समालोचकांत त्यांची गणना होते. वडिलांचे चरित्र त्यांनी इंग्रजीत लिहिले. त्या २०२१ साली निवर्तल्या.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकजण असे आहेत की ज्यांच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारे आपणच पहिले. मीही त्यांतलाच. आपल्यापुढे कोणी वाट पाडून ठेवलेली नाही. पुढच्या खुर्च्या आधीच कोणासाठी तरी राखून ठेवल्या आहेत की काय, अशी शंका आपल्याला वारंवार येते. कधी ती खरीही ठरते. विठ्ठलांच्या वेळी जात आडवी आली, नायडूंच्या वेळी राजवंश. विठ्ठलांनी अन्याय चव्हाट्यावर आणला, संघाबाहेर राहण्याची किंमत मोजली आणि हक्क मिळवला. नायडूंची रीत निराळी. पद गेले तरी खेळावरची निष्ठा त्यांनी जाऊ दिली नाही, आणि जिथे पाय रोवायला जागा मिळाली तिथे देशातला सर्वोत्तम संघ घडवून दाखवला. दोन्ही वाटा खडतर आहेत. कोणत्या वेळी कोणती धरावी हे ज्याचे त्याने ठरवायचे. एवढे मात्र खरे की, ज्यांनी नायडूंना बाजूला सारले त्यांच्या धावा आज कोणी मोजत बसत नाही. आणि नायडूंचे नाव घेतल्याशिवाय भारतीय क्रिकेटचा इतिहास सुरूच करता येत नाही.